सहा सह्या

कारकून : पेन आत ठेवा, ताई. इथे फक्त पेन्सिल. फाइलवर शाई सांडली, तर बिचाऱ्या सैनिकाला दुसऱ्यांदा मरण!

बाई : ही माझ्या वडिलांचीच ना?

कारकून : नाव, क्रमांक, गाव, सगळं जुळतंय. काय बघायचंय?

बाई : ते कुठे पडले, एवढंच. मी दोन वर्षांची होते. आई म्हणायची, लढाईत गेले. खोदून विचारलं की उठून जायची. मागच्या महिन्यात तीही गेली. आता विचारणार कोणाला?

कारकून : मग थेट शेवटचं पान काढू. (वाचून) ताई, जरा बसून घ्या.

बाई : वाचा हो.

कारकून : 'लढाई संपल्यावर सेवामुक्त. प्रकृती उत्तम. घरापर्यंतचं रेल्वेचं तिकीट दिलं.' खाली त्यांची सही.

बाई : घरापर्यंतचं?

कारकून : तुमच्याच गावाचं नाव आहे.

बाई : पण ते आलेच नाहीत! मग गेले कुठे?

कारकून : तिकीट दिलं की आमची फाइल संपते. पुढचं लष्कर लिहीत नाही.

बाई : शाळेत दरवर्षी मी त्यांच्यावर निबंध वाचायचे. टाळ्या पडायच्या. आई मागच्या बाकावर बसून ऐकायची. बिचारीला काही ठाऊकच नव्हतं.

कारकून : ठाऊक होतं, ताई. ही कव्हरातली चिठ्ठी बघा. फाइल वाचणाऱ्यानं इथे सही करायची, तारीख आणि नातं लिहायचं. सहा सह्या आहेत. सहाही वेळा नातं 'पत्नी'.

बाई : आईचंच अक्षर... मार्च, मार्च, परत मार्च. मार्चमध्ये एक दिवस ती दातांच्या डॉक्टरकडे जायची. संध्याकाळी आली की जेवायची नाही. मला वाटायचं, दात दुखतोय. एकच पान सहादा कशाला वाचायचं हो?

कारकून : येतात अशी माणसं. मजकूर बदलला असेल, अशी वेडी आशा.

बाई : एवढं खोटं बोलली, राग यायला हवा. पण मला नुसती ती बाकावर बसलेली दिसतेय.

कारकून : सातव्या ओळीत तुमची सही करा. शेवटच्या पानाची प्रत देऊ?

बाई : त्याची नको. या चिठ्ठीची द्या.

कारकून : चिठ्ठीची आजवर कोणी मागितली नाही. पण देतो. किती काढू? घरच्यांनाही लागतील ना?

बाई : एकच पुरे. घरी मीच आहे.