चाळीस मिनिटांची मान

—ओला झालाय? कुठं? हां, खांदा. खरंच की. नाही हो दादा, कळलंच नाही मला. कधीपासून गळतोय हा एसी? असू दे, तुम्ही करा तुमचं काम, शिडी बाजूनं लावा, मी उठत नाही. मला इथंच बसायला सांगितलंय. शेजारच्या हॉलमध्ये भागधारकांची सभा चाललीय ना, त्यात आत्ता माझा विषय आहे — सीईओला ठेवायचं की काढायचं — आणि ज्याचा विषय त्यानं बाहेर बसायचं, असा नियम. शाळेत वर्गाबाहेर काढायचे तसं. फक्त इथं खुर्ची देतात. आणि टीव्ही, आत आपल्याला काय काय म्हणतायत ते बघायला. त्या काकू बघा, हिरव्या पर्सवाल्या — म्हणतायत, तुमचं अॅप उघडेपर्यंत माझा नातू कॉलेजात गेला. टाळ्या पडल्या. बरोबर आहे त्यांचं. मीही वाजवल्या असत्या, पण खुर्चीचा हात धरलाय तो सोडायचं सुचत नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो — तुमचं काय, तुम्ही वर बघताय — वर्षभर मी काम केलेलं नाही. काही म्हणजे काही नाही. एकदा कॅमेऱ्यासमोर बसून चाळीस मिनिटं नुसती मान डोलावली, ते रेकॉर्ड केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक ऑनलाइन मीटिंगला तेच लावतो. मधे एकदा 'हं' आहे, एकदा पाणी पितो. कुणाला कळलं? कुणाला नाही. उलट ऑफिसात मतं घेतली तेव्हा सगळ्यात छान ऐकून घेणारा साहेब म्हणून माझा पहिला नंबर. आणि तेवढा वेळ मी काय करायचो? ते रेकॉर्डिंग बघायचो. बायको म्हणाली, घरीही तेच लावलंयस तू. मी मान डोलावली.

राजीनामा? दिला ना, दोनदा. करार असा की कंपनीनं काढलं तरच सुटका. पहिल्यांदा संचालक म्हणाले, पगार कमी वाटतो का — वाढवला. दुसऱ्यांदा मी जाहीर पत्रच लिहिलं, की पुढं काय करायचं ते मला कळत नाही, खाली सही. तर पेपरात आलं, किती प्रांजळ माणूस! शेअर वर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, फक्त इथं आंधळाही मीच, कुत्रंही मीच. पण आता भागधारक चिडलेत, नशीब माझं. टीव्हीच्या कोपऱ्यात आकडे आहेत ना — विरोधात जास्त. दिसले? मी बॅगही भरून आणलीय. ती काय, दाराशी. शिडीला आडवी येत नाही ना?

थांबा. पाना खाली ठेवा जरा. हे कोण उठलं? — बाबा. माझे बाबा आहेत ते. वाढदिवसाला थोडे शेअर दिले होते मी, पण इथं येतील असं — घड्याळं दुरुस्त करायचे ते, आयुष्यभर. माईक बघा कसा धरलाय, कानाशी. बाबा, तोंडाशी धरा, तोंडाशी — हां.

काय म्हणाले? तुम्हीही ऐकलंत ना, की मलाच — म्हणाले, काटे फिरतायत म्हणून घड्याळ चालू आहे असं समजू नका. आत काहीतरी तुटलंय. जेवताना घास हातात धरून बसतो, मी सांगितलं की खातो. तुमच्या कंपनीतलं मला कळत नाही, पण त्याला काढून टाका. मी न्यायला आलोय.

न्यायला आलोय म्हणाले.

टाळ्या कशाला? दादा, टाळ्या कशाला वाजवतायत? हिरव्या पर्सवाल्या काकू उभ्या राहिल्या. रडतायत. काय म्हणतायत? कंपनीसाठी ज्यानं जेवणखाण सोडलं त्याला आपण घालवायचं? अहो काकू, नाही, मी नाही सोडलं, मी नुसता व्हिडिओ — आकडा बघा. फिरला. अजून फिरतोय. आणि बाबांना मिठ्या मारतायत सगळे. बाबा म्हणतायत काढा, काढा — तोंडावरून कळतंय, ऐकू काही येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तुम्ही का डोळे पुसताय? एसीचं पाणी. बरं. मग फोन कशाला काढलात? — अच्छा. तुमच्याकडेही शेअर आहेत. बारा. सकाळी विरोधात दिलं होतंत? छान केलंत, मग राहू द्या ना तसंच. बदलता येतं म्हणून बदललंच पाहिजे असं नाही दादा, हे बघा, त्या म्हाताऱ्या माणसानं इतकं सांगितलं —

दाबलंत.

हो, आलो, आलो. बोलावतायत. आणखी पाच वर्षं म्हणे, आणि दोन शब्द बोला आभाराचे. बोलतो. नाही, एसी राहू दे, गळू दे तसाच. शिडी घ्या आणि या तुम्ही. जाताना एवढी बॅग न्या — खाली दाराशी बाबा थांबले असतील, त्यांना द्या. न्यायला आलेत ते, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. निघा.