वारज्याच्या चौकातला माझा फोटो

वारज्याच्या चौकात माझा फोटो लागला होता, ते सांगितलं का तुम्हाला? कुणाकडे न शिकता मी उभा केलेला चिवड्याचा धंदा, आणि त्याची पहिली जाहिरात ठरवली सुनेनं. "आई, चिवडा तुमचा, मग चेहराही तुमचाच." मी हात जोडून उभी राहिले. तिनं भोवती झेंडूची नक्षी काढली, वर लिहिलं 'आपल्या लाडक्या काकू'. चिवडा खाली कोपऱ्यात, तो झाडाआड गेला.

त्याच दुपारी वारज्याच्या नणंदबाई रिक्षातून रडत आल्या. दार मीच उघडलं.

"वहिनी... तुम्ही आहात?"

"आहे. चहा टाकते."

"मग बोर्ड कशाला लावलात?"

"चिवडा विकायला!"

सून रडकुंडीला आली. "आई, आजच उतरवते. चुकलंच माझं."

"खबरदार! वन्सं रुसून किती वर्षं फिरकल्या नव्हत्या. तुझ्या बोर्डानं धावत आणल्या. फक्त माझे जोडलेले हात सोडव आणि त्यांत चिवड्याची पिशवी दे."

"पिशवी तोंडापेक्षा मोठी काढ गं," बशीत चहा ओतत वन्सं म्हणाल्या. "वहिनींचं तोंड बघून लोक रडतात."