पोत्यांमागे

मुलगी : दार तुम्ही बंद केलंत, साहेब. मामानं नाही, तुम्ही. आत दोन पोरी आहेत आणि तुम्ही बाहेरून कुलूप घातलंत, वर लाख ओतली, शिक्का मारला आणि निघून गेलात.

साहेब : मॅडम, हे काय आहे? तुम्ही फोनवर म्हणालात, मुलगी बोलायला लागलीय, जबाब घ्यायला या. आणि ही तर माझाच जबाब घ्यायला बसलीय.

बाई : बोलायला लागलीय म्हणूनच बोलावलं. परवा तुम्ही हिला या बालगृहात आणून सोडलीत तेव्हापासून तोंडातून शब्द नव्हता. आज सकाळपासून थांबत नाहीये. बसा आधी. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय.

साहेब : हे बघ बेटा...

मुलगी : बेटा नको.

साहेब : बरं. नाव काय तुझं?

मुलगी : लंबू.

साहेब : खरं नाव विचारतोय.

मुलगी : ते नंतर. आधी पोरी.

बाई : मलाही नाही सांगितलं हो. सांगेल तेव्हा सांगेल. तुम्ही ऐका तरी.

साहेब : ऐकतोच आहे. आल्यापासून ऐकण्याशिवाय दुसरं काय केलंय? लंबू, तुमच्या त्या केसांच्या कारखान्यात मी स्वतः आलो होतो. माणसं घेऊन आलो होतो. प्रत्येक खोली पाहिली. तुमचा मालक, तो मामा, पळाला, मोठ्या मुलींना घेऊन पळाला. तू मागच्या हौदावर केस धूत होतीस, म्हणून तू एकटी सापडलीस. दुसरं कुणी नव्हतं.

मुलगी : मामाला कुणी सांगितलं तुम्ही येताय म्हणून?

साहेब : ते तपासात येईल.

मुलगी : येऊ दे. माळ्यावर पाहिलंत?

साहेब : पाहिलं. शिडी लावून मी चढलो. या वयात, या गुडघ्यांनी. वर पोतीच पोती, केसांनी भरलेली. नाकातोंडात केस गेले, दोन दिवस शिंकतोय. बॅटरी मारली. हाकाही मारल्या.

मुलगी : काय म्हणालात?

साहेब : काय म्हणणार? म्हणालो, घाबरू नका बाळांनो, पोलीस आहोत, बाहेर या, तुम्हाला घरी पोचवतो. उंदीरसुद्धा हलला नाही.

मुलगी : नाहीच हलणार. अगदी हेच म्हणायचे.

साहेब : कोण?

मुलगी : मामाचा भाऊ. परीक्षा असायची ना.

बाई : सांग त्यांना. मला सांगितलंस तसं सांग. सावकाश.

मुलगी : मधूनच कधीतरी मामा बाहेर जायचा. म्हणजे गेला असं दाखवायचा. मग दार वाजायचं. बाहेरून भाऊ गोड आवाजात म्हणायचा, पोलीस आलेत, बाळांनो, या बाहेर, घरी पोचवतो. जी ‘ओ’ देईल, जी रडेल, जी नुसती खोकेल, तिचे केस मुळापासून काढायचे. आणि मग जेवण नाही. पहिल्यांदा आम्ही सगळ्याच दाराकडे धावलो होतो.

साहेब : म्हणून तुझे केस असे...

मुलगी : दोनदा. वाया नाही गेले. धुऊन, विंचरून जुडीत बांधले. मीच बांधले. कुणाच्या तरी डोक्यावरच्या टोपात असतील आता.

साहेब : हं.

मुलगी : नंतर आम्ही शिकलो. परीक्षा लागली की तोंडात केसांची जुडी धरायची, खोकला बाहेर येत नाही. माळ्यावरच्या चिमणीला मी शिकवलं. ठमीला चिमणीनं. ठमी इतकी हुशार, की तिला शिंक आली तरी पोट हलतं, आवाज नाही.

साहेब : किती वर्षांच्या आहेत या?

मुलगी : चिमणीचे पुढचे दात पडून नवे आलेत. ठमीचे अजून दुधाचे आहेत.

बाई : अरे देवा.

साहेब : तू स्वतः त्यांना तिथं पाहिलंस? त्या दिवशी?

मुलगी : सकाळी मी पाण्याचा कॅन भरून वर दिला. रोज मीच द्यायची. पोत्यांच्या मागं भिंतीशी जागा आहे, तिथं त्या झोपतात. तिथंच बसून गुंता सोडवतात. बारीक बोटं लागतात ना, सुईनं एकेक केस सोडवायचा तर. मोठ्या झालो की बोटं जाड होतात, मग खाली, खिळ्यांच्या फळीवर. केस त्या खिळ्यांतून ओढायचे. मीही आधी वरच होते.

साहेब : खाली कधी आलीस?

मुलगी : पाय पोत्यांच्या बाहेर यायला लागले तेव्हा. मामा म्हणाला, ही लंबू झाली, मावत नाही. त्या दिवशी मी फार रडले. खाली गार असायचं, आणि वर आम्ही तिघी चिकटून झोपायचो. साहेब, मी वाढले नसते तर मीही आत्ता तिथंच असते. तुमच्या कुलपाच्या आत. जुडी तोंडात धरून.

साहेब : मग परवाच का नाही बोललीस? गाडीत माझ्या शेजारी बसली होतीस. मी तुला चार-चारदा विचारलं, आत अजून कुणी आहे का? तू समोर बघत राहिलीस. दगडासारखी.

मुलगी : मला वाटलं परीक्षाच आहे.

साहेब : पोलिसांच्या गाडीत?

मुलगी : मामाच्या भावाकडेही गाडी आहे. तुमच्यासारखीच टोपी आहे. मला वाटलं, या वेळेला जरा मोठी परीक्षा घेतायत. इथं आणलं, तेव्हाही तेच वाटलं. दाराला कुलूप, खिडकीला जाळी, बाहेर जायचं नाही. बाईंनी ताट वाढलं, गोड बोलल्या. मी म्हटलं, आता मी एक शब्द बोलले की पडद्यामागून मामा येणार.

साहेब : आणि आज कसं पटलं, की ही परीक्षा नाही?

बाई : मी शिव्या घातल्या म्हणून.

साहेब : काय?

बाई : खरंच सांगते. सकाळी हिनं न्हाणीघरातला नळ उघडा ठेवला. टाकी रिकामी. तीस मुली, आंघोळी राहिल्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, घोडी झालीस एवढी, अक्कल कुठं गहाण ठेवलीस, तुझ्या बापानं विहीर खणलीय का इथं? आणि ही माझ्या तोंडाकडे बघतेय, आणि एकदम हसायलाच लागली. मग रडायला लागली. मग म्हणाली, बाई, माळ्यावर दोघी आहेत.

मुलगी : परीक्षेत कुणी ओरडत नाही. परीक्षेत सगळे गोडच बोलतात.

साहेब : मॅडम, एक ग्लास पाणी मिळेल का?

बाई : टाकी रिकामी आहे म्हटलं ना. माझ्या बाटलीतलं घ्या.

मुलगी : त्यांच्या कॅनमध्ये परवाचं पाणी आहे. चिमणी जपून पिते. ठमीला जमत नाही.

साहेब : थांब. जरा मला विचार करू दे. हे बघा, त्या जागेला सील आहे. ते तोडायचं तर वरून हुकूम लागतो. वरचे साहेब रजेवर आहेत. त्यांच्या जागी जे आहेत ते मीटिंगमध्ये आहेत. उद्या सकाळी मी पहिल्यांदा हेच काम घेतो. शब्द देतो.

बाई : उद्या?

साहेब : मॅडम, तुम्हालाही नोकरी आहे, मलाही आहे. मी वर कळवून बसलोय, सगळी जागा तपासली, कुणीही शिल्लक नाही. सही माझी आहे. आज एका मुलीच्या बोलण्यावरून मी सील तोडलं, आणि माळ्यावर पोत्यांशिवाय काही निघालं नाही, तर मला निलंबित करतील. आणि निघालं, तर...

बाई : बोला ना. निघालं तर?

साहेब : तर त्याहून वाईट. पोरांना आत कोंडून सील केलं म्हणून.

बाई : म्हणजे त्या तिथं असल्या तरी तुमचं नुकसान, नसल्या तरी तुमचं नुकसान. बसा तर मग माझी बाटली धरून.

साहेब : मी वाईट माणूस नाही हो, मॅडम.

बाई : नाही कोण म्हणतं? तुम्ही दमलेले आहात. मीही आहे. या इमारतीत दमलेलं नाही असं कुणी मला दाखवा, मी त्याला हार घालते. पण आपण दमलो की त्याचं बिल दरवेळी यांच्याच नावावर का फाटतं?

मुलगी : भांडू नका. वेळ जातोय.

साहेब : बरं. समजा आपण गेलो. समजा मी फोनवर कुणाची तरी तोंडी परवानगी काढली. हिला बरोबर घेऊ. ही खालून हाक मारेल, तिचा आवाज त्या ओळखतात, येतील खाली. अर्ध्या तासात काम.

मुलगी : नाही येणार.

साहेब : तुझ्या हाकेलाही नाही?

मुलगी : मामा हुशार आहे, साहेब. भावाच्या आवाजाला आम्ही फसेनाशा झालो, तेव्हा तो आमच्यातल्याच एकीला बाहेर उभं करायचा. म्हणायचा, मार हाक. मलाही केलंय उभं. मी हाक मारली आणि चिमणी आली पळत. तिचे केस तेव्हा पहिल्यांदा गेले. आता ती माझ्या आवाजाला तर मुळीच येणार नाही.

बाई : मग गं, कशाला येतील?

मुलगी : हाक मारायचीच नाही. कुणीच काही बोलायचं नाही. पुढून एकेक पोतं काढायचं, हळू, घाई केली की वरचं घसरतं आणि त्या दबतात. वाट झाली की मी आत जाणार आणि त्यांच्या शेजारी नुसती पडून राहणार. भिंतीकडे तोंड करून. मामा कधी असा पडला नाही, त्याला केसांच्या वासाची किळस येते. थोड्या वेळानं ठमी माझ्या पाठीला हात लावून बघेल. आधी ठमीच. मग चिमणी. मग मी उठले की त्या उठतील.

साहेब : आणि तोवर मी?

मुलगी : तुम्ही टोपी काढून खाली बसायचं.

साहेब : हिला बाहेर नेता येणार नाही, मॅडम. बालकल्याण समितीसमोर हजर केल्याशिवाय हिला या इमारतीबाहेर पाऊल टाकता येत नाही. तुमचाच नियम आहे.

बाई : माझाच आहे. मीच तो रोज मुलींना वाचून दाखवते.

(बाई उठून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढतात, बाहेरच्या फाटकाचं कुलूप उघडतात आणि स्वतःच्या चपला मुलीपुढे सरकवतात.)

बाई : घाल. मोठ्या होतील, पण अनवाणी जाऊ नको. मीही येतेय. पाण्याच्या बाटल्या शेजारच्या दुकानातून घेऊ.

साहेब : मॅडम, तुमची नोकरी जाईल.

बाई : जाऊ दे. एवढ्या वर्षांत एकदा तरी हे कुलूप योग्य वेळी उघडलं, असं म्हणेन. साहेब, गाडी तुमची आहे. सीलही तुमचं. पक्कड आहे का गाडीत?

साहेब : आहे. पण... एक मिनिट. मला एक फोन करू द्या.

मुलगी : कुणाला?

साहेब : वर.

मुलगी : आणि ते नाही म्हणाले तर?

(साहेब फोन काढतात, नंबर शोधतात, पण लावत नाहीत.)

मुलगी : साहेब, परवा तुम्ही हाक मारलीत तेव्हा त्या गप्प बसल्या. त्यांना तसं शिकवलं होतं, मारून, उपाशी ठेवून. आता मी विचारतेय. तुम्हाला कुणी शिकवलं गप्प बसायला?