ताडपत्रीखालचं पातेलं

ऑगस्ट १९८४, ऑस्ट्रेलियातला ऐन हिवाळा. मॅन्सफील्डहून मेलबर्नला येणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघं बसले होते. बसमध्ये आणखी कुणाला मराठी येत असेल, असं त्यांच्या मनातही नसावं.

"फॅबियन, ते पातेलं खाली ठेव. मांडीवर किती वेळ धरणार आहेस?"

"राहू दे, शिरीष. पोलीस दोनदा विचारत होता, हर्बर्टच्या स्नोमोबाइलवर स्नोशूज का नव्हते."

"मलाही तेच कळत नाहीये. गाडीचा बेल्ट तुटून ती बंद पडली तर बर्फात न रुतता चालत यायला बुटांखाली बांधायचे ते रुंद स्नोशूज हवेतच, हे आपल्याला त्यानंच शिकवलं. मागे बांधल्याशिवाय तो निघायचाच नाही."

"बांधलेच होते. मी सोडले."

"तू?"

"रीटानं सगळ्यांसाठी पोर्कचं सोरपोतेल दिलं होतं, डोंगरावरच्या हटवर जेवायला. पातेल्याला कुठेच जागा नव्हती. म्हटलं, त्याचे स्नोशूज माझ्या गाडीवर घेऊ. त्याच्या गाडीवर त्यांच्या जागी हे पातेलं ठेवलं आणि वर ताडपत्री बांधली."

"त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात तो पुढे निघाला, आणि मग धुक्यात चुकामूक झाली."

"म्हणजे बेल्ट तुटल्यावर..."

"त्यानं ताडपत्री सोडली होती, शिरीष. गाठी सुटलेल्या होत्या. मग तसाच चालत निघाला, कमरेएवढ्या बर्फातून. दोनशे पावलांवर सापडला."

"रीटा स्टँडवर येणार आहे. नवरा गेलाय तिचा, तिला आज काही सांगू नकोस."

"सांगत नाही. पण ती आधी पातेलं हातात घेईल."

"घेऊ दे की."

"भरलेलं आहे रे."