दीक्षेची वही

— ह्यांची वही द्यायची की नाही ते मागाहून बघू, प्राध्यापकसाहेब. आधी तुमच्या पुस्तकाचं बोलू. बंधुसभेचे विधी आणि प्रतीकं — वाचलंय मी, अख्खं, उशाला घ्यावं एवढं जाड. सभागृहाच्या दारातल्या तीन पायऱ्या म्हणजे जन्म, श्रम आणि मरण. असं होय? अहो, त्या पायऱ्या माझ्या भावानं बांधल्या, गवंडी होता तो. दोनच सांगितल्या होत्या, विटा उरल्या म्हणून तिसरी घातली — तुम्ही तिचं मरण करून टाकलंत. आणि पांढरा एप्रन म्हणजे निष्कलंक मन. कोणाचं हो? दर सभेला आमचे हे त्यावर कॉफी सांडून यायचे आणि मी लिंबू चोळत बसायची. चाळीस वर्षं. लिंबाचा उल्लेख नाही कुठं तुमच्या पुस्तकात.

हे घड्याळजी माणूस, दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर बोलतील, पण सभेचं विचारलं की दातखीळ. शपथ ना — बायकोला कळता कामा नये. दीक्षेच्या सवाल-जबाबांची वही कपाटात, किल्ली ह्यांच्या खिशात. मी कधी हात लावला नाही. म्हाताऱ्यांच्या पोरखेळाशी मला काय करायचंय?

मग वाचली कधी? — हे कोणाला सांगितलेलं नाही मी. शेवटच्या वर्षी ह्यांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. मी समोर गेले की, 'बाई, तुम्ही कोण?' परक्या बाईच्या हातचं नको म्हणून तोंड घट्ट मिटायचे. तीन दिवस नुसत्या पाण्यावर. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावर ठकठक करून विचारायला लागले, 'कुठून आलात?' कुठून येणार, स्वयंपाकघरातून. पुन्हा ठकठक. हे सभेतलंच काहीतरी, म्हणून तेव्हा काढली किल्ली. उभ्या उभ्या वाचली वही आणि मी गेले आत. कुठून आलात? अंधारातून. काय हवं? उजेड. तसा ह्यांनी हात पुढे केला, अंगठा दाबायचा असतो तसा मी दाबला — आणि हा माणूस हसला हो. 'या, बंधो.' वाटीभर सूप प्यायले. मग चार महिने हेच, दिवसातून तीनदा मला दीक्षा. उभ्या संसारात माझ्याशी बोलले नव्हते तेवढं त्या बंधूशी बोलले.

एकदा म्हणाले, 'आमची मंडळी काही भेटायला येत नाही. रागावली असेल, सगळं लपवलं मी तिच्यापासून. तिला म्हणावं, एकदा येऊन जा.' चमचा हातातच राहिला माझ्या. मीच ती, असं अगदी ओठावर आलं होतं — पण परत तोंड मिटलं तर? म्हटलं, 'सांगतो, बंधो.' मग रोज विचारायचे, सांगितलंत का. रोज मी म्हणायची, सांगितलं. 'मग का नाही आली?' शेवटच्या दिवशीसुद्धा दाराकडे बघत होते, हात माझ्या हातात देऊन.

काय लिहून घेताय? ठेवा ते पेन. उजेड म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान — घाला पुढच्या आवृत्तीत काय घालायचं ते. वही मिळणार नाही. जाताना दार ओढून घ्या.