आप्पांच्या गाडीचे ब्रेक

आमच्या शेजारचे सुभेदार आप्पा किती हट्टी आहेत, ते सांगते. त्यांची गाडी जुनी, पण पळायला वाघ. परवा त्यांचा मुलगा विक्रम ती घेऊन यवतेश्वरचा घाट उतरला, तर निम्म्यातच ब्रेक तापले आणि लागेनात. घरी येऊन म्हणाला, "आप्पा, ब्रेकच्या मोठ्या डिस्क अन् मोठी चाकं घाला, न्हाईतर गाडी विका."

आप्पा म्हणाले, "चाकं हीच राहतील अन् गाडीबी हीच. ब्रेकचे चांगले पॅड घातले की बास."

"मग तोच घाट उतरून दाखवा!"

रविवारी दोघं निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी मागं बसले. आप्पांनी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि ब्रेकला नुसता पाय लावत आरामात खाली आणली. विक्रमनं उतरून चाकाजवळ हात नेला.

"तापलंच न्हाई की! कुठले पॅड घातले?"

"ब्रेकचं ऑइल तेवढं बदललंय. पॅड जुनेच हायत. तू पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरतोस, मग इंजिन गाडी धरत न्हाई, सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून जळतात."

मी मागनं विचारलं, "आवं आप्पा, मग नवे घालायचेच न्हाईत का?"

"उद्याच घालतो, वैनी. गाडी ह्यालाबी चालवायची हाय न्हवं!"