चांदणी दमली तेव्हा

भोकर ते नांदेड घोड्यावरची शर्यत मी पुरी केली, हे खरं हाय. पण शेवटचा पल्ला पायी चाललो, तेही ऐका.

शेवटी डॉक्टर घोडीच्या छातीचे ठोके मोजतात. जास्त भरले की शर्यतीतून बाद. उन्हानं माझी चांदणी लई दमली, म्हणून मी उतरलो अन् लगाम धरून चालू लागलो. माझ्याही मांड्या सोलून निघाल्या होत्या.

मोटारसायकलवरचे एक काका जवळ येऊन थांबले.

"घोडी असून पायी कामून चालून राहिले?"

"ती दमली, काका."

काका उतरले अन् गाडी ढकलत माझ्यासंगं निघाले.

पुढं चहाच्या टपरीवरून एकानं विचारलं, "काका, पेट्रोल संपलं का?"

"न्हाई," काका म्हणाले, "घोडी दमली."